पुस्तकात नसलेला आवाज

२ तारीख, सोमवार

आजपासून कारखान्यात मी वाचणारी झाले. आधीची वाचणारी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी सुट्टीवर गेली आणि शिवणखात्याचे मास्तर म्हणाले, आता तुम्हीच बसा त्या खुर्चीवर.

आमच्या खोलीत गणवेशांचं हातकाम चालतं. बटणं, हूक, तुरपाई. मशिनी दुसऱ्या इमारतीत. नुसतं बसून टाके घालायचे म्हटलं की बायकांच्या गप्पा रंगतात आणि हात थांबतात. म्हणून जेवणानंतर एकीनं मोठ्यानं गोष्ट वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकत काम करायचं, अशी इथली जुनी पद्धत आहे. वाचणारीच्या वाटची बटणं बाकीच्या वाटून घेतात. आक्का म्हणाल्या, "तुझी बटणं मी लावीन, पण गोष्ट रडकी आणलीस तर परत तुझ्या मांडीवर टाकीन." आक्का आमच्यात सगळ्यांत जुन्या. त्यांच्या तोंडाला मास्तरही दबून असतात.

मी शाळेत फारशी गेले नाही. वाचायला शिकले ती लग्नानंतर, गणवेशाच्या आतल्या पट्ट्या वाचत. उलटा करून धुवा. कडक उन्हात वाळवू नका. मग ह्यांनी वाचनालयात माझं नाव घातलं. ह्यांना वाचायचा कंटाळा आणि ऐकायची हौस. प्रत्येक माणसाला वेगळा आवाज द्यायचा हे खूळ ह्यांचंच. "सासू जरा सासूसारखी बोलू दे की," म्हणायचे. आणि घरात एक नियम होता. गोष्टीचा शेवट एकट्यानं वाचायचा नाही. हे गेले त्या आठवड्यात एक गोष्ट अर्धी राहिली. तिचं पुढे काय झालं ते मी अजून पाहिलेलं नाही.

आज सुरुवातीला आवाज कापत होता. मग एक म्हातारा आला गोष्टीत, त्याला मी दात नसल्यासारखं बोलायला लावलं, तर बायका सुया खाली ठेवून हसल्या. लाकडी फळ्यांच्या आडभिंतीपलीकडे पॅकिंगवाले असतात, तेही हसले. बरं वाटलं.

परत येताना मात्र नेहमीसारखंच. थंडीच्या दिवसांत सुटायच्या वेळी अंधार असतो. रंगाच्या बंद कारखान्याची लांबच लांब भिंत आहे, तिथले दिवे कधीचे गेलेत. पूर्वी हे बॅटरी घेऊन फाटकापाशी यायचे. बरोबरीनं चालायचे नाहीत. जरा मागे, रस्त्याच्या एका अंगाला राहायचे आणि तिरपा उजेड माझ्या पायांपुढे टाकायचे. म्हणायचे, अगदी पाठीमागून टाकला तर तुझीच सावली तुझ्या पायांत येते. मी उजेडात, हे अंधारात. आता भिंत लागली की जीव मुठीत धरून चालते.

४ तारीख, बुधवार

पुलापल्याडची एक बाई आमच्या खोलीत कामाला लागली. पल्याडचे लोक रंगानं काळे, केस बारीक कुरळे, बोलताना शब्दाचं शेपूट ओढतात. आजवर ते हमालीला आणि भंगार उचलायला यायचे, आत बसून शिवायला नाही. मास्तरांनी तिचं नाव सांगितलं, पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती सगळ्यांची 'पल्याडची' झालेली होती. आक्का म्हणाल्या, "दिवे गेले तर हिला शोधायची कशी?" सगळ्या हसल्या. मीही हसले. तीसुद्धा हसली, खाली बघून. माझ्या खुर्चीशेजारची जागा रिकामी होती, तिथे बसली. कुणी तिला पाणी विचारलं नाही. मी विचारणार होते, तेवढ्यात घंटा झाली.

हे तिकडे पाण्याचे पंप दुरुस्त करायला जायचे. म्हणायचे, माणसं चांगली आहेत. मी म्हणायची, तुम्हाला काय, सगळेच चांगले.

संध्याकाळी भिंतीपाशी मागे पावलं वाजली. वळून पाहायची हिंमत झाली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या उजेडात आल्यावर मान वळवली. उंच माणूस, डोक्यावर टोपी. पल्याडचा. मी गल्लीत शिरले, तो उरलेल्या भिंतीच्या कडेनं सरळ पुलाकडे गेला. घरी येऊन कडी लावली, मग खुर्चीही दाराला लावली.

६ तारीख, शुक्रवार

परत तोच. काल होता, आज होता. मी पाय उचलले तर त्यानं सावकाश केले. हे तर जास्तच वाईट. घाईत असलेला माणूस पुढे निघून जातो. ज्याला घाई नाही त्याच्या मनात काय आहे कुणाला ठाऊक? मी घाबरून रस्ता ओलांडला, तर त्यानंही ओलांडला, मी सोडलेल्या बाजूला गेला. तिथून त्याला मी नीट दिसत असणार.

आणि खोकतो. आजारी माणसाचा खोकला नाही तो. दोनदा, मुद्दाम. कुणाला तरी इशारा करत असणार. पुढे भिंतीच्या टोकाला दुसरा कुणी उभा असेल तर?

आज हातात तुरपाईची कात्री धरून घरी आले.

९ तारीख, सोमवार

नवी गोष्ट सुरू केली. वाचनालयातून आणलेल्या जाड पुस्तकातली. पुढचं पान मी आधी बघत नाही. शेवट एकटीनं वाचायचा नाही हे ठरलेलंच आहे, आता खोलीतल्या बायकाच माझ्या सोबतीला.

एक बाई, खांद्यावर तापानं फणफणलेलं मूल. शेवटची गाडी चुकली म्हणून दवाखान्याच्या गावाला पायी निघते. अंधार पडत असतो. मागून एक माणूस येतो. फाटके बूट, हातात चामड्याची पिशवी. तो म्हणतो, "बाई, एवढी घाई कशाला?"

त्याला कुठला आवाज द्यावा याचा मला विचारच करावा लागला नाही. तोंडातून आपसूक निघाला. घोगरा, शब्दाचं शेपूट ओढलेला.  माझ्याच अंगावर काटा आला. आक्का म्हणाल्या, "अगं बाई, साक्षात उभा केलास!"

वाचताना डोळ्यांपुढे भिंत होती आणि टोपी.

पल्याडचीच्या हातातून बटण पडलं. ते गडगडत माझ्या पायाशी आलं. मी उचलून दिलं तर माझ्याकडे न बघता घेतलं. ह्या लोकांना रीत नाही असं आक्का म्हणतात ते उगाच नाही.

१० तारीख, मंगळवार

दुसरा भाग. माणूस वळणावर बाईला गाठतो आणि म्हणतो, "हा रस्ता चुकीचा आहे." मी ते इतकं हळू आणि खालच्या आवाजात म्हटलं की एकीनं सुई बोटात खुपसून घेतली. पॅकिंगच्या बाजूनंही कुणी शीळ घातली नाही. सगळे ऐकत होते.

संध्याकाळी त्यानं माझ्यावर बॅटरी मारली.

रस्त्याच्या पलीकडून, तिरपी. उजेड माझ्या पायांवर आला, मग पायांच्या पुढे सरकला आणि तिथेच राहिला. मी चालले की तोही सरकायचा. तोंडावर मारली असती तर ओरडले असते. पायांवर का मारावी? मी पळाले तर कुठे पळते ते दिसावं म्हणून?  खड्डा दिसला म्हणून चुकवला एवढंच, नाही तर पडलेच असते.

घरी भावजी आले होते. माझे धाकटे दीर. हे गेल्यापासून आठवड्यातून एकदा येतात, गॅसची नळी बघतात, चहा घेतात. माझा चेहरा बघून म्हणाले, "वहिनी, काय झालं?" मी सांगून टाकलं. सांगताना रडू आलं.

"पल्याडचा आहे?"

"हो."

"मग विचारायचं काय राहिलं? आधी कारखान्यात शिरले, आता बायकांच्या मागे. तुम्ही काळजी करू नका. दादा नाही म्हणून काय झालं, मी आहे ना? शुक्रवारी पोरं मोकळी असतात. भिंतीच्या कोपऱ्यावर थांबतो आम्ही. तुम्ही फक्त बोट दाखवा."

"मारू नका हां," मी म्हटलं.

"मारतंय कोण? समजावणार." आणि हसले.

बऱ्याच दिवसांनी आज खुर्ची न लावता झोपेन असं वाटतंय.

११ तारीख, बुधवार

तिसरा भाग असा संपतो: बाई धापा टाकत कठड्याला टेकते. मूल हुं की चूं करत नाही. तो माणूस अगदी जवळ येतो, दोन्ही हात पुढे करतो आणि म्हणतो, "भिऊ नका. मुलाला माझ्याकडे द्या."

हे वाक्य मी असं वाचलं की दारातून ऐकणारे मास्तर आत आले. 'भिऊ नका' म्हणताना मी थोडीशी हसले सुद्धा, त्याच्या आवाजात. मग पुस्तक मिटलं. उरलेलं शुक्रवारी, उद्या माल जायचा असल्यानं वाचन नाही. बायकांनी आरडाओरडा केला. "पोर पळवणार मेला!" "आता गावकरी येऊन हाणतील बघ." आक्का म्हणाल्या, "ह्यांच्या वस्तीत हेच धंदे," आणि मग शेजारी कोण बसलंय ते आठवून म्हणाल्या, "तुला नाही गं म्हटलं." पल्याडची म्हणाली, "मला मागे नळावर जायचंय," आणि उठून गेली. घंटा होईपर्यंत आली नाही.

मास्तर म्हणाले, तुमच्यासारखी वाचणारी या खोलीला मिळाली नव्हती. ह्यांना सांगावंसं वाटलं.

संध्याकाळी तो बोलला. मागून ओरडला, "बाई! थांबा!" मी पळत सुटले. आणखीही काहीतरी ओरडत होता, माझ्या कानांत नुसता माझाच श्वास. घरी आले तेव्हा हातात डब्याची पिशवी नव्हती. त्यानंच ओढली असणार. ओढल्याचं कळलं कसं नाही?

भावजींना फोन केला. म्हणाले, "परवाच आहे शुक्रवार. एक दिवस कळ काढा."

१२ तारीख, गुरुवार

कामावर गेले नाही. अंग मोडून आलंय असं कळवलं. खरं म्हणजे रस्त्याची भीती.

सकाळी उन्हात बसले होते. पुस्तक मांडीवर. उद्या तो माणूस पकडला जातो तो भाग वाचताना आवाज कुठे चढवायचा हे ठरवून ठेवावं म्हणून मी नियम मोडला. शेवटचं पान उघडलं.

बाई मूल देत नाही. त्याला ढकलते आणि दुसऱ्या रस्त्यानं पळते, रानाकडे जाणाऱ्या. तो मागून हाका मारत राहतो. मग एकटाच चालत गावात येतो, खिशातून किल्ली काढतो आणि दवाखान्याचं कुलूप उघडतो. पिशवीतली छाती तपासायची नळी काढून टेबलावर ठेवतो. दिवा लावतो. दार उघडं ठेवून वाट बघत बसतो. सकाळपर्यंत कुणी येत नाही.

तो डॉक्टर होता. गावोगाव पायी फिरून बूट फाटलेले.

मी पहिल्यापासून परत वाचलं. बोट ठेवून, लहान मुलांसारखं. तो कसा बोलतो ते कुठे लिहिलंय हे शोधत होते. 'तो म्हणाला' एवढंच आहे. रंग नाही. केस नाहीत. घोगरा नाही, शेपूट ओढलेलं नाही. 'एवढी घाई कशाला' हे डॉक्टरनं म्हणून पाहिलं. पोराला धक्के बसतायत, जरा हळू चला, असं ते आहे. 'हा रस्ता चुकीचा आहे' म्हणजे रस्ता चुकीचा आहे. 'भिऊ नका' म्हणजे भिऊ नका.

मग दुसरीच भीती शिरली. उद्या हे खोलीत कसं वाचायचं? जिथे मास्तरांनी शाबासकी दिली त्याच खुर्चीवर बसून? सगळ्या विचारतील, मग तू तसा आवाज का काढलास. आणि ती शेजारी बसलेली असेल.

पुस्तक कुणी पाहिलेलं नाही. पकडला, गावकऱ्यांनी धरला, असा शेवट मी सहज लावू शकते. दुपारभर घोकून पाहिला. चांगला जमतो. ऐकणाऱ्यांनाही तोच हवाय.

तो रस्त्यावरचा माणूस मात्र गोष्टीतला नाही. तो खरा आहे. त्यानं माझी पिशवी घेतली. हे मी स्वतःला बजावते आहे.

१३ तारीख, शुक्रवार

टेबलावर एक बॅटरी आहे. ती माझी नाही. सगळं आजच लिहून ठेवते.

सकाळी खोलीत गेले तर माझ्या खुर्चीवर माझी डब्याची पिशवी. आत डबा, घासलेला.  माझी खुर्चीसुद्धा त्याला ठाऊक! "कुणी ठेवली ही?"  पल्याडची सुईत दोरा ओवत होती आणि तो काही केल्या ओवला जाईना.

जेवणानंतर पुस्तक उघडलं. ठरवून टाकलं होतं, घोकलेलाच शेवट सांगायचा. नजर पानावर ठेवायची आणि खोटं वाचायचं. बायका पुढे सरकून बसल्या होत्या. फळ्यांपलीकडे खोके सरकवायचेही थांबले होते. मी श्वास घेतला.

आणि पलीकडून खोकला आला. दोनदा. मुद्दाम.

 तो खोकला मी झोपेतही ओळखला असता. तो इथे होता. फळीच्या पलीकडे, माझ्यापासून दोन हातांवर. रोज होता. 'भिऊ नका' म्हणत मी त्याच्या आवाजात हसले, ते त्यानं खोका बांधता बांधता ऐकलं होतं.

घोकलेलं सगळं डोक्यातून गेलं. समोर पान होतं, तेवढंच उरलं होतं, म्हणून ते वाचलं. आवाज न देता. किल्ली, कुलूप, दिवा, उघडं दार. सकाळपर्यंत कुणी आलं नाही. संपलं.

 मग कोपऱ्यातली एक म्हणाली, "म्हणजे डॉक्टर होता?"

"अगं, मग तो पल्याडचा नव्हताच!" आक्कांना हायसं वाटलं. "आपल्यातलाच कुणीतरी होता बिचारा. शिकलासवरलेला. बाईच खुळी." माना डोलल्या. खोलीत पुन्हा कुजबुज सुरू झाली.

"बुधवारी पोर पळवणारा होता, तेव्हा आमचा होता," पल्याडची म्हणाली. तिचा आवाज मी नीट असा पहिल्यांदाच ऐकला. "आज डॉक्टर निघाला, तर लगेच तुमचा?"

आक्कांनी हातातली सुई शर्टात टोचून ठेवली. मग त्या म्हणाल्या, "आम्ही कुठे म्हटलं? वाचणारीनं तसा वाचला." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"ताई," पल्याडची म्हणाली, "तो तसा बोलतो असं पुस्तकात लिहिलंय?"

"नाही."

"कुठंच नाही?"

"नाही. तो आवाज मी दिला."

ती शर्ट उलटा करून बटण लावायला लागली. मला वाटतं तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

घंटा झाल्यावर मी तिला जिन्यात गाठलं. "पलीकडे खोकतं कोण?"

"माझा भाऊ. पॅकिंगला आहे. घरी जाताना मी बाजार करून जाते, तो भिंतीच्या रस्त्यानं सरळ पुलाकडे." थोडं थांबून म्हणाली, "आईनं लावलेली सवय. अंधारात पुढे बाई चालत असेल तर खोकायचं, मागे माणूस आहे हे तिला कळावं. इथंही खोकतो. बायकांचं बोलणं चोरून ऐकतोय असं वाटू नये म्हणून." मग पिशवीकडे बघून, "तुमची रस्त्यात पडली होती. तो हाका मारत होता. मला म्हणाला तूच दे, मी दिली तर घाबरतील."

मी कठडा धरला. आज शुक्रवार होता.

भावजींना फोन लावला. मागे पोरांचे आवाज, हसणं. "भावजी, येऊ नका. माझी चूक झाली. तो तसा नाही."

"वहिनी, धमकावलं का त्यानं?"

"नाही हो. तो कारखान्यातलाच आहे. घरी जातो फक्त. त्याचा रस्ताच तो आहे."

"तुमचं मन फार हळवं. दादाही असाच भोळा होता. आता पोरं आलीयेत. तुम्ही आज दुसऱ्या रस्त्यानं जा, आम्ही बघतो." आणि फोन ठेवला. परत लावला, उचलला नाही.

दुसरा रस्ता आहे, बाजारातून. उजेडाचा. मी तिकडे चार पावलं गेलेही. हे लिहायला लाज वाटते, पण गेले.

मग मागच्या, पॅकिंगवाल्यांच्या फाटकाशी येऊन उभी राहिले. तो बाहेर आला, मला पाहिलं आणि जागीच थबकला. मागे वळून बघितलं, मी दुसऱ्या कुणासाठी उभी आहे की काय म्हणून. "मला भिंतीच्या रस्त्यानं सोडता का?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. त्याला भावजींचं सगळं सांगितलं. बाजारातून चला, नाही तर थांबा, असंही सुचवलं.

"आज बाजारातून गेलो तर उद्या?" तो म्हणाला. "पूल तर भिंतीच्याच पुढे आहे."

मी शेजारून चालले. तो सारखा दूर व्हायचा, मी सारखी जवळ जायची. भीती जाईल असं मला वाटलं होतं. गेली नाही. त्याचा हात टोपीकडे गेला तरी अंग आखडायचं. त्यानं बॅटरी लावली, तिरपी, माझ्या पायांपुढे. खड्डा दाखवला. मंगळवारचाच खड्डा. मला एकदम ह्यांची इतकी आठवण आली की पुढचं काही दिसेना.

"ताई, त्या पोराचं काय झालं मग?" त्यानं विचारलं. त्याचं बोलणं मी काढते तसं नाही. जरा संथ आहे, एवढंच.

"लिहिलेलं नाही."

"बरं," तो म्हणाला. मग काही वेळानं, "दार तरी उघडं ठेवलं त्यानं."

कोपऱ्यावर चौघं होते. भावजी पुढे. दोघांच्या हातांत काठ्या. बॅटरीचा उजेड काठ्यांवर गेला आणि त्यानं तो पटकन खाली, स्वतःच्याच पायांवर घेतला. आपण भांडायला आलेलो नाही हे दिसावं म्हणून घेतला असेल. मी त्याच्या बाहीला धरलं. त्याचा हात थरथरत होता. मला वाटत होतं फक्त माझाच थरथरतोय.

"वहिनी, बाजूला व्हा."

"हे आमच्या कारखान्यातले आहेत. मला सोडायला आलेत."

"तुम्हीच रडत सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. चुकीचं सांगितलं. मी न बघताच सांगितलं, भावजी."

एक पोरगा हसला. "काका, बोट दाखवणार होत्या ना या? इथं तर हातच धरलाय."

भावजींचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. तोंडावर मारल्यासारखा. "दादाला जाऊन दोन वर्षं नाही झाली," ते म्हणाले. एवढंच. मला वाटलं होतं शिवी देतील, काठी उगारतील.  बाही सोडावी असं हाताला वाटलं. सोडली नाही. चालत राहिले. काठी भिंतीवर आपटल्याचा आवाज झाला, आमच्यावर नाही. माझी गल्ली मागे टाकून आम्ही पुलाकडे गेलो.

पुलाच्या तोंडाशी दिवे आहेत. तिथे तो म्हणाला, "आता तुम्ही परत कशा जाल?" मी तो विचारच केला नव्हता. तो मला सोडायला परत येतो म्हणायला लागला. मी म्हटलं, मग तुम्हाला सोडायला मी परत येऊ का? आम्ही दोघंही हसलो, घाबरलेली माणसं हसतात तसं. त्यानं बॅटरी माझ्या हातात दिली. तो पूल ओलांडून पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत मी उभी राहिले.

मग वळले. तोच रस्ता, तीच भिंत. बॅटरी स्वतःच धरली की उजेड कुठे टाकावा ते कळत नाही. लांब गल्लीच्या कोपऱ्यावर आता कुणी दिसलं नाही. गल्लीपर्यंतची भिंत अर्धी झाली असेल, तेव्हा मागे पावलं वाजायला लागली. एकाहून जास्त माणसांची. ओळखीची माणसं, माझ्या घरी चहा प्यालेली. मी सावकाश झाले, ती सावकाश झाली. मी थांबले, ती थांबली. मी थोडा वेळ तशीच उभी राहून कान दिला.

कुणी खोकलं नाही.